पायरी सतरावी

१

वहीकाकांचा दिवस मोजणीने सुरू व्हायचा.

चष्म्याची भिंगं बनवणाऱ्या कारखान्याचं ते ऑफिस. तळमजल्यावर, जिन्याच्या मागे मशीनची खोली. सकाळी साडेआठला काका कुलूप काढत, स्टुलावर बसत आणि वही उघडत. पानाच्या मधोमध उभी रेघ मारलेली असे. डावीकडे 'इथे', उजवीकडे 'तिथे'.

कारखान्यातल्या चारशे बारा माणसांची मेल या खोलीतून ये-जा करायची. काका मुळात वायरमन. बावीस वर्षांपूर्वी पंखा बसवायला म्हणून या खोलीत आले आणि इथलेच झाले. शिक्षण बेताचंच. कळलं नाही की विचारायचं आणि कळलं की लिहून ठेवायचं, एवढ्यावर त्यांनी सगळं निभावलं होतं. अठ्ठावीस वह्या भरल्या होत्या. त्यांचं खरं नाव हजेरीपटावर होतं, लोकांच्या तोंडी मात्र वहीकाकाच.

जुना मेल सर्व्हर आता थकला होता. नवा आला होता आणि त्याचा एक जुळा भाऊ गावाच्या दुसऱ्या टोकाला, गोदामाच्या पहिल्या मजल्यावर बसवला होता. इथे आग लागली, पाणी शिरलं, वीज गेली, तर तिथला उभा राहणार. त्यासाठी इथे जे लिहिलं जाईल ते त्याच घटकेला तिथे उमटायला हवं. सध्या चाचणी चालू होती. रविवारी जुन्याला निरोप द्यायचा होता.

या कामावरच्या मॅडम काकांच्या मुलीच्या वयाच्या होत्या. त्यांनी एकोणीस पायऱ्यांचा बेत कागदावर छापून आणला होता. काकांनी त्यात एकच अट घातली. दुसरी खोली हुबेहूब पहिलीसारखी हवी. तारांचे रंग तेच, टेबल त्याच भिंतीला, स्टूल त्याच बाजूला.

"संकटात माणसाचं डोकं चालत नाही, मॅडम. हात चालतात. हाताला सवयीची जागा लागते."

"बरं काका. पण फळीवर कप कशाला दोन?"

"इथे आहेत ना दोन. एक माझा, एक तिचा."

तिचा म्हणजे काकूंचा. काकू त्याच ऑफिसात टपाल विभागात होत्या, कागदी पत्रं लावायच्या. डबे काका भरत, पहाटे उठून, दोन्ही. बरोबर एक वाजता काकू या खोलीत येत आणि दोघं मशीनच्या घुंईघुंई आवाजात जेवत. त्यांच्या कपावर निळं फूल होतं. दुसऱ्या खोलीसाठी तसाच कप मिळवायला काका तीन दुकानं फिरले होते.

"म्हणजे कार्बन कागदच की हो हा," एकदा जेवताना काकू म्हणाल्या. "वर लिहिलं की खाली उमटतं."

"तसंच. फक्त यात वरचं खोडलं की खालचंही खोडलं जातं."

"अगंबाई. मग जपून ठेवण्याला अर्थ काय राहिला?"

काका घास हातात धरून थांबले. "जळालं तर अर्थ आहे," ते म्हणाले. "खोडलं तर नाही."

"मग माझं नाव जरा सांभाळून लिहा. तुमचं अक्षर काही मोत्यासारखं नाही."

२

बुधवारी रंगीत तालीम होती. मॅडम इथे, काका तिथे, दोघांच्या कानाला फोन. पहिल्या खोलीची वीज मुद्दाम बंद केली. दुसरी खोली उभी राहिली. लोक मेल पाठवत होते, कुणाला काही कळलंसुद्धा नाही. मग इथली वीज परत आली. सोळाव्या पायरीपर्यंत सगळं लोण्यात सुरी फिरावी तसं झालं.

सतरावी पायरी महत्त्वाची. तालीम चालू असताना दिशा उलटलेली असते. मूळ तिथे लिहिलं जातं आणि नक्कल इथे उमटते. ती पुन्हा सुलट करायची. त्यासाठी दुसऱ्या खोलीत एकच बटण होतं. दाबलं की दिशा उलटायची, आणखी एकदा दाबलं की पुन्हा उलटायची.

नेमका तेव्हाच काकांचा दुसरा फोन वाजला. टपाल विभागातला शिपाई बोलत होता. "काका, घाबरू नका. काकूंना चक्कर आली. खाली बसवलंय त्यांना."

काका निघाले. कसे निघाले, जिना कसा उतरले, बस मिळाली की रिक्षा, काहीच ध्यानात राहिलं नाही. डॉक्टरांनी काकूंना तपासलं, रक्तदाब जरा कमी आहे म्हणाले, आराम करा म्हणाले. घरी आल्यावर काकूच काकांना पाणी देत होत्या.

"पांढरेफटक पडला होतात तुम्ही. चक्कर मला आली होती ना?"

दुसऱ्या दिवशी मॅडमनी कागद पुढे केला. सतराव्या पायरीपुढे काकांच्या हातची बरोबरची खूण होती. खाली मॅडमची सही.

काकांनी खुणेकडे बराच वेळ पाहिलं. पेन हातात धरलेलं आठवत होतं. खूण करताना कागद जरा फाटला, तेही आठवत होतं. बटण दाबल्याचं मात्र काही केल्या आठवेना. वही त्या दिवशी इथेच राहिली होती, त्यामुळे वहीतही काही नव्हतं.

झालं असेल, त्यांनी स्वतःला समजावलं. केल्याशिवाय मी कधी खूण केली आहे?

३

गुरुवारी दुपारी काका दुसऱ्या खोलीत जाऊन आले. जाळी पुसली, तारा पाहिल्या. स्टुलावर बसायला गेले आणि थांबले. स्टुलाचा एक पाय सुतळीने बांधलेला होता. पक्के सात वेढे, वर गाठ.

स्टूल तर नवं कोरं होतं. काकांनी वहीत लिहिलं, 'दुसऱ्या खोलीत स्टुलाचा पाय सुतळीने बांधलेला. कुणी?' गोदामाच्या रखवालदाराला विचारलं. तो म्हणाला, "किल्ली तुमच्याकडे. आत तुमच्याशिवाय जातंय कोण?"

शुक्रवारी सकाळी पहिल्या खोलीत काका स्टुलावर बसले आणि कडकन पाय मोडला. बावीस वर्षांचं स्टूल, मोडायचंच. काकांनी कपाटातून सुतळी काढली, जमिनीवर मांडी घातली आणि पाय बांधायला घेतला. एक वेढा, दोन वेढे. सातव्या वेढ्यानंतर त्यांनी गाठ मारली आणि त्यांचे हात तसेच राहिले.

ही गाठ त्यांनी काल पाहिली होती.

त्यांनी घाईने वही उघडली. गुरुवारच्या पानावर ती ओळ होतीच, त्यांच्याच अक्षरात. म्हणजे घोटाळा डोक्यात नव्हता. पण मग कुठे होता?

मॅडमना हे सांगावं कसं? त्यांनी दुसरंच सांगितलं, जे सांगण्यासारखं होतं. मशीनच्या पडद्यावर उशिराचा आकडा असतो. इथलं पत्र तिथे उमटायला किती उशीर होतो, त्याचा. एरवी तो तीन सेकंद असायचा. आज तिथे लिहिलं होतं, उणे चार.

"उणे?" मॅडम हसल्या. "म्हणजे पाठवायच्या चार सेकंद आधीच पोचलं? घड्याळं चुकली असतील, काका. दोन्हीकडची मिळवून घ्या."

काकांनी मिळवली. आकडा उणे चाळीस झाला.

दुपारी काकूंनी स्टुलाकडे बघून विचारलं, "हे कधी मोडलं?"

"आज," काका म्हणाले. मग जरा वेळाने म्हणाले, "बहुतेक."

"बहुतेक काय? तुमचं आजकाल लक्ष कुठे असतं?" काकूंनी स्वतःच्या डब्यातला अर्धा वाटा त्यांच्या डब्यात सरकवला. "नीट जेवा आधी."

४

शनिवारी सकाळी काकांनी मेलबॉक्सची मोजणी केली. इथे चारशे बारा.

तिथे चारशे अकरा.

त्यांनी पुन्हा मोजलं. मग दोन याद्या छापल्या आणि टेबलावर शेजारी शेजारी ठेवून पट्टीने एकेक ओळ खाली सरकत गेले. शिपाई होता, रखवालदार होता, मॅडम होत्या, ते स्वतः होते. टपाल विभागाशी पट्टी थांबली. इथल्या यादीत टपालात पाच नावं होती. तिथे चार.

काकूंचा मेलबॉक्स तिथे नव्हता.

काकांनी फोन उचलून टपालात लावला. काकूंनीच उचलला.

"काय हो?"

"काही नाही. कशी आहेस?"

"सकाळी एकाच बसने आलो ना आपण? पत्रांचा ढीग पडलाय, ठेवते."

काकांनी फोन ठेवला. खोलीत मशीनची घुंईघुंई चालली होती. रोजचाच आवाज, पण आज त्यात मध्येच एक श्वासाएवढा खंड पडत होता, आणि तो कुठे पडतो ते कान देऊनही सापडत नव्हतं.

मॅडम वरच्या मजल्यावर बैठकीत होत्या. त्या फोनवर दबक्या आवाजात बोलल्या.

"महिनाअखेरीला काकू निवृत्त होतायत ना? कुणीतरी आधीच काढला असेल मेलबॉक्स."

"पण इथे आहे, मॅडम. फक्त तिथे नाही. आणि तिथे जे होतं ते..." काकांना वाक्य पुरं करता येईना.

"मग पुन्हा पाठवा."

"कुठून कुठे?"

"म्हणजे काय? इथून तिथे."

"दोन्हीकडचे पडदे स्वतःला मूळच म्हणतायत. बुधवारी मी सतरावी पायरी केली की नाही, ते मला आठवत नाही."

"केली नसेल तर दिशा अजून उलटी आहे," मॅडम म्हणाल्या. "मग तिथे जे खोडलं गेलं ते इथेही खोडलं जाईल. केली नसेल तर आता करा. पण केली असेल आणि पुन्हा दाबलंत तर तेच होईल, काका. खात्री आहे ना?"

बावीस वर्षांत वही न बघता काकांनी कधी कशाला हो म्हटलं नव्हतं. त्यांच्या डोळ्यापुढे सुतळीची गाठ आली. आधी तिथे, मग इथे. हे दिशा उलटी असल्याशिवाय होतंय कसं?

"हो," ते म्हणाले.

५

ते गोदामावर पोचले तेव्हा सव्वादहा झाले होते. बाहेर लख्ख ऊन होतं. जिन्यात सिमेंटचा वास. काकांनी कुलूप काढलं.

खोली हुबेहूब होती. त्यांनीच तर तशी लावली होती. टेबल, स्टूल, तारा. फळीवर त्यांचा कप होता. त्याच्या शेजारी धुळीत एक गोल होता, कपाच्या बुडाएवढा, स्वच्छ. निळ्या फुलाचा कप नव्हता.

काकांनी टेबलाखाली पाहिलं. कपाटात पाहिलं. कचऱ्याच्या डब्यातही पाहिलं. फुटला असता तर तुकडे तरी असते.

उठताना त्यांचं लक्ष टेबलावर गेलं. तिथे एक वही उघडी पडली होती.

त्यांची वही त्यांच्या पिशवीत होती. त्यांनी वरून हात लावून खात्री केली. मग वाकून टेबलावरचं पान पाहिलं. मधोमध उभी रेघ. इथे, तिथे. तारीख आजची. दोन्हीकडे आकडा एकच, चारशे अकरा, आणि त्याखाली 'जुळलं'. अक्षर त्यांचंच, मोत्यासारखं नसलेलं. शेवटच्या ओळीआधी वेळ लिहिली होती, तीन वाजून दहा.

ती ओळ अशी होती: 'डबे दोन का भरतो, कळत नाही.'

काकांनी भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं. दहा वाजून वीस.

शाई ओली वाटत होती. बोट लावायचा त्यांना धीर झाला नाही. मागे मशीनच्या रांगेआड स्टूल सरकल्यासारखा आवाज झाला. स्टूल त्यांच्यासमोर होतं. ते मान न वळवता मागे मागे सरकले, हात लांब केला आणि सवयीच्या जागी बटण सापडलं. हुबेहूब जागी.

त्यांनी बटण दाबलं.

दिवा पलटला. पडद्यावरचा आकडा थरथरला आणि स्थिर झाला. उशीर शून्य. यादीत चारशे बारा नावं उभी राहिली. टपालात पाच.

काका दाराशी आले आणि तिथेच उंबऱ्यावर बसले. किती वेळ, कोण जाणे. मागे वळून टेबलाकडे त्यांनी पाहिलं नाही.

६

एकला पाच मिनिटं असताना ते परत आले. काकू आधीच खोलीत येऊन बसल्या होत्या, बांधलेल्या स्टुलावर, अंग चोरून. फळीवर दोन्ही कप होते.

"कुठे गेला होतात? घामाघूम झालात."

"काम होतं," काका म्हणाले. आणि त्यांना असं भरून आलं की ते उगीच तारा बघायला वळले. "स्टुलावर जपून बस. तो पाय..."

"बसलेय जपूनच. तुमच्या गाठीवर विश्वास आहे माझा."

काकांनी डबे उघडले. पहिल्या घासाला चव अशी लागली की जणू महिन्याभराने जेवत होते. काकू टपालातल्या गमती सांगत होत्या. कुणी पाकिटावर पत्त्याऐवजी स्वतःचंच नाव लिहिलं होतं. काका हसले. त्यांना सगळं सांगावंसं वाटत होतं, पण सुरुवात कुठून करायची?

"एक गंमत आहे मात्र," काकू म्हणाल्या. "मघापासून मला कुणी हाकच मारली नाही. पत्रं द्यायला येतात, ढीग ठेवतात आणि जातात. शिपाई तर माझ्या खुर्चीवर बसायला निघाला होता. मी म्हटलं, अरे, मी आहे ना. तर चांगलाच दचकला."

काकांनी हातातला घास डब्यात ठेवला. "मघापासून म्हणजे कधीपासून?"

"साडेदहा असतील." काकूंनी पर्समध्ये हात घातला. "बरं, हे विसरतेच आहे रोज. बुधवारचा तुमचा सदरा धुवायला काढला, त्याच्या खिशात हे होतं. कामाचं असेल म्हणून ठेवलं जपून."

घडी केलेला कागदाचा चिटोरा. काकांनी उलगडला.

'११.४२. सतरा झाली. दिवा पलटला.'

त्यांचंच अक्षर. वही जवळ नव्हती म्हणून चिटोऱ्यावर लिहिलेलं. म्हणजे बुधवारी त्यांनी बटण दाबलं होतं. दिशा सुलट झाली होती. तीन दिवस सुलटच होती. आणि आज सकाळी साडेदहाला त्यांनी...

ते उठले. पडद्यावर उशिराचा आकडा आता शून्य नव्हता. खाली खाली येत होता, उलट्या मोजणीसारखा.

"अहो, झालं काय?"

"मला परत जायला हवं. पुन्हा एकदा दाबायला हवं."

"जेवण तरी पुरं करा."

"अगं, तू इथेच थांब. या खोलीतून हलू नकोस. कुणाशी तरी बोलत राहा. मॅडमना बोलावून घे, त्यांच्याशी बोल."

काकूंना काही कळलं नाही, पण इतक्या वर्षांत त्यांनी हा आवाज ऐकला नव्हता. त्यांनी दोन्ही डब्यांना झाकणं लावली आणि ते काकांच्या पिशवीत घातले. "तिथे खा. माझाही घेऊन जा, मला नकोय आता. आणि जाताना पडू नका कुठे."

दारातून काकांनी मागे पाहिलं. काकू स्टुलावर बसून निळ्या फुलाचा कप पदराने पुसत होत्या.

७

बस हळू चालली होती. काका खिडकीशी बसून मनात एकच घोकत होते, पुन्हा एकदा दाबायचं, पुन्हा एकदा दाबायचं. चिटोरा मुठीत घट्ट धरलेला होता.

तिसऱ्या थांब्यावर त्यांना वाटलं, कपावरचं फूल कोणत्या रंगाचं? आत्ताच तर पाहिलं होतं. निळं. हो, निळं. पाचव्या थांब्यावर त्यांनी पुन्हा विचार केला, तर फूल होतं हे आठवलं, पण कप कुणाचा ते जिभेवर येऊन मागे फिरलं. त्यांनी वही काढली, लिहून ठेवावं म्हणून. पेन कागदावर टेकवलं. काय लिहायचं होतं? एक टिंब उमटलं आणि पेन तिथेच राहिलं.

शेजारच्या बाई म्हणाल्या, "आजोबा, बरं वाटत नाही का? डोळ्यांत पाणी आलंय तुमच्या."

"वारा लागला असेल," काका म्हणाले. खिडकी बंद होती.

गोदामाचा जिना चढताना त्यांना आपण कशाला आलो तेच उमगेना. पण आलो म्हणजे काम असणारच. त्यांनी मूठ उघडली. तिथे सगळं स्वच्छ लिहिलेलं होतं. 'सतरा झाली. दिवा पलटला.'

त्यांना बरं वाटलं. झाली म्हणजे झाली. त्यांनी लिहिलं आहे म्हणजे झालीच असणार.

कुलूप काढून ते आत आले. टेबल रिकामं होतं. ते स्टुलावर बसले, वही उघडून टेबलावर ठेवली आणि मोजणी केली. इथे चारशे अकरा. तिथे चारशे अकरा. मॅडमचा फोन आला. त्यांच्या आवाजात थोडा गोंधळ होता, जणू त्या कुणाशी तरी बोलता बोलता मध्येच थांबल्या होत्या.

"काका, मी तुमच्या मशीनच्या खोलीत का आले होते, आठवतंय का तुम्हाला? कुणी बोलावलं होतं का मला?"

"माहीत नाही, मॅडम."

"असू दे. आकडे जुळले ना?"

"जुळले."

"मग उद्या हलवायचं."

काकांनी वहीत 'जुळलं' असं लिहिलं. फळीवर त्यांचा कप होता आणि शेजारी धुळीत एक स्वच्छ गोल. त्यांनी फडकं घेतलं, सगळी फळी पुसली, गोलापाशी आल्यावर मात्र त्यांचा हात थांबला. तेवढी जागा त्यांनी तशीच सोडली.

भूक लागली होती. पिशवीतून डबा काढला, तर खाली आणखी एक. काका दोन्हींकडे बराच वेळ बघत राहिले. घड्याळात तीन वाजून दहा झाले होते. त्यांनी वेळ लिहिली आणि तिच्यापुढे एक ओळ.

मग एक डबा उघडला. दुसरा तसाच, झाकण न काढता, टेबलाच्या पलीकडच्या बाजूला सरकवून ठेवला आणि जेवायला सुरुवात करण्याआधी थोडा वेळ थांबले. का थांबलो, ते त्यांनी वहीत लिहिलं नाही.